गाण्यातले 'ते' कोण?

चौदा एप्रिलच्या तयारीची बैठक होती. आमच्यातला एक पोरगा काळा टी-शर्ट घालून आला. छातीवर कवटी. तिच्या डोळ्यांवर लोखंडी पट्टी ठोकलेली, कानांवर झाकणं, तोंडाला कड्या. बैठकीत आमचे एक जुने काका होते, १९८२ च्या संपात गिरणी सुटलेले. त्यांनी चष्मा पुढं ओढून निरखलं आणि विचारलं, "काय रे, हे गांधीचं माकड का? तिन्ही एकातच बसवलीत?"

सगळे हसले. पण काकांनी अंधारात मारलेला दगड बरोबर लागला होता. ही कवटी म्हणजे अमेरिकेतल्या मेगाडेथ ह्या थ्रॅश मेटल बँडची निशाणी. नाव विक रॅटलहेड. वाईट बघू नका, ऐकू नका, बोलू नका, ह्या उपदेशावरूनच ती घडवलेली आहे. फरक एवढाच, की गांधीच्या माकडांनी आपल्याच हातांनी तोंड झाकलंय आणि ह्या कवटीचं तोंड दुसऱ्या कुणीतरी बंद केलंय. असलं चित्र आपल्या पोराला जवळचं वाटलं तर मी त्याला बोल लावणार नाही.

हसणं संपलं आणि भांडण सुरू झालं. एक कार्यकर्ता म्हणाला, "ह्या माणसाचं चित्र घालून तू इथं येतोस? तो तर तिकडच्या उजव्यांच्या कळपातला झाला." पोरगा म्हणाला, "मी गिटार ऐकतो. त्याचं राजकारण माझ्या काय कामाचं?" तिसरा, कॉलेजात शिकवणारा, शांतपणे म्हणाला, "खरं म्हणजे गाण्यात राजकारण आणूच नये."

हे तिसरं वाक्य ऐकलं आणि माझी सटकली. कारण हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. आपली पहिली कविता छापून आली तेव्हा प्रस्थापितांनी हेच सांगितलं होतं. प्रचारकी आहे, आरडाओरडा आहे, साहित्यात राजकारण नको. आता तेच वाक्य आपल्याच बैठकीत, आपल्याच माणसाच्या तोंडून, आणि तेही हजारो मैलांवरच्या गोऱ्या बँडच्या वतीनं. त्या रात्री बैठकीची वर्गणी ठरायची राहिली. म्हणून हा लेख.

आधी माझी बाजू सांगून टाकतो. मी ह्या बँडचा जुना ऐकणारा आहे. नव्वद सालानंतर वसतिगृहात एका मित्रानं कॅसेट भरून दिली होती. इंग्रजी आम्हाला यथातथाच. शब्द कळायच्या आधी आवाज कळला. थ्रॅश म्हणजे काय हे ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगायचं तर असं: गिटारच्या तारा उजव्या तळहाताच्या कडेनं दाबून धरायच्या आणि दाबलेल्या तारेवर वेगानं आघात करत राहायचं. आवाज मोकळा सुटत नाही, गुदमरून बाहेर पडतो. खाली ड्रमवाला दोन्ही पायांनी धडाडतो. गळा दाबून धरलेला माणूस ओरडला तर जसं व्हावं तसं हे संगीत आहे. आमच्या खोलीत आठ जण राहत होते, पंखा एक. आम्हाला ते लागू पडलं.

शब्द नंतर कळले. डिक्शनरी घेऊन बसलो होतो, खोटं कशाला बोलू.

आता 'राजकारण आणू नका' म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. हा बँड जन्मला कसा? डेव्ह मस्टेन हा मूळचा मेटॅलिका ह्या बँडमधला. १९८३ च्या एप्रिलमध्ये त्याला न्यूयॉर्कात बँडमधून हाकललं आणि कॅलिफोर्नियाच्या बसमध्ये बसवून दिलं. देशाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बसचा प्रवास. लिहायला कागद नव्हता. हाताशी एक पत्रक होतं, कॅलिफोर्नियाचे सिनेटर अ‍ॅलन क्रॅन्स्टन यांचं, अण्वस्त्रांच्या विरोधातलं. त्याच्या कोऱ्या पाठीवर त्यानं गाणं लिहिलं आणि पत्रकातला एक शब्द उचलून पुढं बँडला नाव दिलं. मेगाडेथ म्हणजे अणुयुद्धात मेलेली दहा लाख माणसं. मरणाचं माप. टनासारखं, क्विंटलसारखं. मेलेले मोजणाऱ्या सरकारी हिशेबातला शब्द.

पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर आपल्यातल्या किती जणांनी कविता लिहिल्या हे ह्या अंकाच्या वाचकाला सांगायला नको. तर मुद्दा असा, की राजकीय पत्रकाच्या पाठीवर जो बँड जन्मला त्याला राजकारण बाहेर ठेव म्हणणं म्हणजे कागदाची एक बाजू ठेव आणि दुसरी फाडून टाक म्हणणं.

बँडचं नवं काही आलं की हे भांडण नव्यानं पेटतं. २००७ ला पेटलं, २००९ ला पेटलं, २०१६ ला तर फारच. ऑगस्ट २०२५ मध्ये मस्टेननं जाहीर केलं की पुढचा अल्बम शेवटचा, आणि तो जानेवारी २०२६ मध्ये आलाही. दरवेळी चाहत्यांचे तेच तीन तट पडतात. एक म्हणतो, पूर्वीचा मस्टेन आमचा होता, आता उजवा झाला. दुसरा म्हणतो, आता कुठं तो खरं बोलायला लागला. तिसरा म्हणतो, गिटार ऐका आणि गप्प बसा. गंमत अशी की हा तिसरा १९८६ च्या गाण्याच्या वेळी कधी तक्रार करत नाही. तेव्हा गाण्यात राजकारण नव्हतं काय? होतं, पण त्याला पटणारं होतं. पटणाऱ्या राजकारणाला लोक राजकारण म्हणत नाहीत. त्याला ते 'संगीत' म्हणतात.

मला हे तिन्ही तट मान्य नाहीत. मी गाण्याला एकच प्रश्न विचारतो. ह्यातले 'ते' कोण? प्रत्येक रागाच्या गाण्यात एक 'ते' असतात. त्यांच्यावर तर ओरडायचं असतं. मस्टेनचे 'ते' चाळीस वर्षांत कुठून कुठं सरकले ते पाहू.

१९८६ चा अल्बम 'पीस सेल्स... बट हूज बाइंग?'. शांतता विकायला आहे, गिऱ्हाईक कुठाय, असा अर्थ. मुखपृष्ठावर ती कवटी जमिनीच्या दलालाच्या वेषात, मागं न्यूयॉर्कची संयुक्त राष्ट्रांची इमारत पडझड झालेली. मुख्य गाण्यात एक पोरगा बोलतो. तू देव मानत नाहीस, कायदा पाळत नाहीस, तुला देशाचं काही पडलेलं नाही, असं वरून कुणीतरी त्याला सुनावतंय आणि तो खालून एकेकाला उलट उत्तर देतोय. इथं 'ते' वर आहेत. उपदेश करणारे, चारित्र्याचा दाखला मागणारे. आमच्या आठ जणांच्या खोलीला हे भाषांतराशिवाय कळलं. त्या गाण्याच्या सुरुवातीचा बेस गिटारचा तुकडा एमटीव्हीनं पुढं आपल्या बातम्यांसाठी वापरला. विद्रोहाची जिंगल किती लवकर होते पाहा.

१९९२. 'काउंटडाउन टू एक्स्टिंक्शन'. अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या नंबरावर गेलेला अल्बम. त्यात 'फोरक्लोजर ऑफ अ ड्रीम' नावाचं गाणं आहे. बँडचा बेसवाला डेव्हिड एलेफसन मिनेसोटातल्या शेतकऱ्याचं पोर. ऐंशीच्या दशकात तिकडं कर्जापायी शेतं लिलावात निघाली. घरंच्या घरं उठली. त्या दुःखाचं हे गाणं. मध्येच राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या, म्हणजे थोरल्या बुशच्या, भाषणाचा तुकडा येतो, कर वाढवणार नाही असं वचन देणारा. 'ते' अजून वरच आहेत. बँक, सरकार.

चांगलं गाणं आहे. मला आवडतं. पण इथं मी थोडा थांबतो. शेत गेलं त्याचं गाणं झालं. ज्याला शेतच नव्हतं त्याचं? आणि त्याहून पुढं, ते शेत शेतकऱ्याचं व्हायच्या आधी कुणाचं होतं? मिनेसोटाचा दक्षिण भाग डकोटा लोकांचा. १८६२ मध्ये भुकेला टेकलेले डकोटा उठले, युद्ध झालं, आणि २६ डिसेंबर १८६२ ला मंकाटो गावात ३८ डकोटांना एकाच वेळी फासावर चढवलं. मग त्यांना त्या राज्यातून हुसकावलं. जमीन मोकळी झाली. तिच्यावर शेतं उभी राहिली. त्या शेतांच्या लिलावाचं गाणं एकशेतीस वर्षांनी निघालं. गाण्यातलं दुःख खोटं नाही. पण त्या दुःखाचा सातबारा उतारा काढला तर पहिला फेरफार फासावरचा निघतो आणि गाण्याला त्याचा पत्ता नाही.

त्याच सालातली दुसरी गोष्ट. १९९२ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कात डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं, क्लिंटनला उमेदवारी देणारं. एमटीव्हीनं तिथं बातमीदार म्हणून मस्टेनला पाठवलं. केस मोकळे सोडलेला मेटलवाला हातात माईक घेऊन पुढाऱ्यांना प्रश्न विचारतोय. पोरं खूश. ह्याच जुलै महिन्यात लॉस एंजेलिसच्याच दुसऱ्या एका बँडवर काय चाललं होतं? बँड बॉडी काउंट. गाणारा आइस-टी, काळा माणूस, रॅप करणारा. त्यानं मेटल गिटारवर 'कॉप किलर' हे गाणं केलं होतं. पोलिसांच्या जुलमाला विटून उलट वार करायला निघालेल्या माणसाच्या तोंडचं. एप्रिलच्या शेवटी रॉडनी किंगला मारहाण करणारे पोलीस सुटले आणि लॉस एंजेलिस पेटलं, ते सगळं ताजं होतं. पोलीस संघटनांनी बहिष्कार पुकारला. राष्ट्राध्यक्ष बुश आणि उपराष्ट्राध्यक्ष क्वेल यांनी निषेध केला. जुलै संपता संपता आइस-टीला ते गाणं अल्बममधून काढून घ्यावं लागलं.

एक महिना, एक शहर, एकाच जातीची गिटार. एकाच्या राजकारणाला माईक मिळाला, दुसऱ्याच्या राजकारणाला बहिष्कार. मेटलमध्ये राजकारण नको म्हणणाऱ्यांनी ह्या जुलैचा हिशेब द्यावा. म्हणजे मग कळेल, 'राजकारण नको' हा नियम सगळ्यांना सारखा लागू होत नाही. पाटी एकच असते, पण रखवालदार माणूस बघून दार उघडतो. ह्या पाट्यांची सवय आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

(पुढची गोष्ट कंसात सांगतो, कारण ती माझ्या मांडणीत नीट बसत नाही आणि मला लपवायचीही नाही. २०१७ मध्ये बॉडी काउंटच्या 'ब्लडलस्ट' अल्बममध्ये 'सिव्हिल वॉर' ह्या गाण्यात मस्टेन आला. २०२२ मध्ये मेगाडेथच्या अल्बममध्ये लष्करी हेलिकॉप्टरवाल्यांवरच्या गाण्यात आइस-टी आला. आणि हा आइस-टी २००० सालापासून टीव्ही मालिकेत पोलीस डिटेक्टिव्हची भूमिका करतोय. माणसं गुंतागुंतीची असतात. आपलेही पुढारी आठवा आणि पुढं वाचा.)

मग 'ते' सरकायला लागतात. २००७ चा 'युनायटेड अबॉमिनेशन्स': सगळा राग संयुक्त राष्ट्रांवर. २००९ चा 'एंडगेम': पडद्याआड बसून जगाला गुलाम करायला निघालेली कुणी मंडळी, कट, छावण्या. 'ते' अजून वर आहेत म्हणा हवं तर, पण आता ते दिसत नाहीत. बँकेचा मॅनेजर दिसतो. त्याच्या दारात बसता येतं, घेराव घालता येतो. पडद्याआडच्या मंडळींना घेराव कसा घालणार? त्यांच्यावरचा राग हवेत फिरत राहतो आणि शेवटी जो हाताशी सापडेल त्याच्यावर पडतो.

२०१६ च्या जानेवारीत 'डिस्टोपिया' आला. पहिलंच गाणं 'द थ्रेट इज रिअल', धोका खरा आहे. कुणीतरी आत शिरतंय, मारणारे आलेत, आणि घर झोपलंय, ही भीती. पुढं 'पोस्ट अमेरिकन वर्ल्ड', अमेरिकेची सद्दी संपल्यावरचं जग. साल लक्षात घ्या. निर्वासितांचे लोंढे, भिंत बांधण्याच्या घोषणा, निवडणूक तोंडावर. त्या साली 'शिरणारे' म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं कोण येणार होतं हे सांगायला समीक्षक लागत नाही. बोट इतकी वर्षं वर होतं. आता ते आडवं झालं, दाराकडं वळलं, आणि दारात उभा असलेला माणूस बँकेचा मालक नाही. गाठोडं घेतलेला आहे.

आणि त्या गाण्याची सुरुवात कशानं होते? एका बाईच्या आलापानं. अरबी वळणाचा, उंच, काळजाला हात घालणारा आवाज. गाणारी फराह सिराज, जॉर्डनची. परक्यांच्या भीतीच्या गाण्याला दरवाजाही परक्या गळ्याचाच लावलाय. गिटारवर ब्राझीलचा किको लुरेरो. हे लोक पाहुणे म्हणून चालतात, वाजवायला चालतात. आपल्याकडं वाजवणाऱ्याला मांडवात कुठवर येऊ देतात, ते आठवलं.

आता एक कबुली. 'डिस्टोपिया' वाजवलाय झकास. त्याआधीच्या अल्बमपेक्षा कितीतरी धारदार. यादीत तिसऱ्या नंबरावर गेला, २०१७ मध्ये त्याच्या मुख्य गाण्याला ग्रॅमी मिळालं. जे डावे चाहते म्हणतात की विचार बिघडला म्हणून संगीतही बिघडलं, ते स्वतःची फसवणूक करतात. चुकीच्या बाजूला उभा असलेला माणूस सुरात असू शकतो. हे पचवायला जड आहे, पण हेच पचवलं पाहिजे. नाहीतर कुणी सुरात गायला लागला की आपण त्याच्या मागं जाणार.

सूर आणि बोट यांतला हा फरक किती जिवावरचा असतो ते २०१२ च्या ऑगस्टमध्ये दिसलं. ५ ऑगस्टला रविवारी विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वाऱ्यात एक गोरा माणूस बंदूक घेऊन शिरला आणि त्यानं सहा जणांना मारलं. नाव वेड मायकेल पेज. गोऱ्यांच्या वर्चस्वाची गाणी वाजवणाऱ्या बँडांमधला हा वाजवणारा होता. हो, गिटारच. दोन दिवसांनी, ७ ऑगस्टला, मेगाडेथ सिंगापूरला वाजवत होता. मंचावरून मस्टेन म्हणाला की बंदुकांवर बंदी आणण्यासाठी राष्ट्राध्यक्षच ही हत्याकांडं घडवून आणतोय. ह्यात त्यानं कोलोराडोच्या सिनेमागृहातल्या गोळीबाराबरोबर गुरुद्वाऱ्याचंही नाव घेतलं.

विचार करा. मारणारा समोर होता. त्याची गाणी होती, बँड होते, त्यानं अंगावर काय गोंदलं होतं तेही छापून आलं होतं. मेलेले समोर होते, पगडीवाले, परदेशातून आलेले. सगळं उघड असताना आपल्याच धंद्यातल्या खुन्याला सोडून ह्या माणसानं बोट पडद्याआडच्या कटाकडं दाखवलं. तो त्या दिवशी खोटं बोलत होता असं मी म्हणत नाही. त्याला तसं वाटत असेल. पण वर्षानुवर्षं 'ते' कोण हे नक्की न ठरवता ओरडत राहिलं की अशी वेळ येते.

त्याच उन्हाळ्यात, जुलै २०१२ च्या शेवटी, दुसऱ्या एका जुन्या थ्रॅश बँडचा अल्बम आला होता. बँड टेस्टामेंट, अल्बम 'डार्क रूट्स ऑफ अर्थ'. बर्कलीचा हा बँड. बर्कलीला लागून ओकलंड, जिथं १९६६ मध्ये ब्लॅक पँथर पार्टी उभी राहिली, जिचं नाव १९७२ मध्ये मुंबईत आपल्या पोरांनी घेतलं. टेस्टामेंटचा गायक चक बिली हा पोमो ह्या कॅलिफोर्नियातल्या मूळनिवासी जमातीचा. १९९४ मध्येच त्यांनी चेरोकींना घरादारातून हाकललं त्या वाटेवर गाणं केलं होतं. २०१२ मध्ये 'नेटिव्ह ब्लड' आलं. शब्दांच्या कारागिरीत बिली मस्टेनच्या जवळपास नाही. मस्टेनकडं टोमणा आहे, वाकडेपणा आहे; हा सरळसोट ओरडतो. पण ह्या गाण्यात उभा असलेला माणूस कोण, कुठल्या जमिनीवर, आणि ती कुणी घेतली, ह्याबद्दल एका शब्दाचाही गोंधळ नाही. आमच्या बैठकीत मी हे गाणं लावलं. 'राजकारण नको' म्हणणारे मास्तर म्हणाले, "हे छान आहे. ह्यात वारसा आहे." म्हटलं, सर, वारसा नव्हे हो, दावा आहे. जमिनीचा.

आता कुणी म्हणेल, म्हणजे जन्मानं खालचा असला की गाणं आपोआप खरं. तसंही नाही. स्लेयरचा टॉम अराया चिलीत जन्मलेला, लहानपणी आईबापांबरोबर कॅलिफोर्नियात आला. त्यानं २०१७ च्या जानेवारीत बँडच्या नावानं ट्रम्पबरोबर जोडलेलं एक चित्र टाकलं, चाहते चिडले तर त्यानं त्यांचीच टर उडवली. जन्माचा दाखला म्हणजे भूमिकेचा दाखला नव्हे. आपल्यातले मंत्रिपदाच्या रांगेत बसलेले चेहरे आठवले तर हे पटायला अडचण नाही.

आणि हा लेख मी मेगाडेथसाठी लिहीत नाही. गेल्या दोन अंकांकडे आलेल्या कविता मी वाचल्या. तेहेतीस होत्या. त्यातल्या निम्म्यांत 'ते' आहेत. ते जाळतात, ते तोडतात, ते हसतात. कोण रे ते? गावाचा सरपंच? सोसायटीचा चेअरमन? संस्थेचा मालक? की आपलाच एखादा? कवीला माहीत आहे, पण तो लिहीत नाही. कधी भीतीनं, ती मी समजू शकतो. पण बऱ्याचदा केवळ सवयीनं, कारण 'ते' म्हटलं की ओळ आपोआप जोरात वाजते. दाबलेल्या तारेसारखी. असल्या 'ते'च्या जागी उद्या कुणीही कुणालाही बसवू शकतो. परवा एका मिरवणुकीत आपल्याच चालीवर भलत्याच लोकांच्या विरोधातले शब्द बसवलेले मी ऐकले. चाल आपली, ढोल आपला, बोट तिसऱ्याच गरिबाकडे.

टी-शर्टवाल्या पोरानं टी-शर्ट काढला नाही. मी काढायला सांगितलंही नाही. बैठक उठल्यावर काकांनी त्याच्याकडून हेडफोन मागून कानाला लावला. गाणं संपेपर्यंत बसले, मांडीवर बोटांनी ठेका धरून. मग हेडफोन परत देत म्हणाले, "वाजवतोय दणदणीत. पण शिव्या कुणाला देतोय एवढं सांग बाबा, म्हणजे मलाही देता येतील."

पोराला चटकन सांगता आलं नाही. आता दर रविवारी तो काकांच्या खोलीवर बसून एकेक गाणं मराठीत उतरवून त्यांना वाचून दाखवतो. शंभरपानी वही घेतलीय. १९८६ चं गाणं एका बैठकीत झालं. शेताचं गाणं ऐकून काका बराच वेळ काही बोलले नाहीत म्हणे. सध्या दोघं २०१६ पाशी अडलेत. पहिल्या गाण्यात आत शिरणारे जे कोण आहेत त्यांना मराठीत काय म्हणायचं, ह्यावर दोन रविवार गेले. काकांनी सुचवलेला शब्द असा आहे की तो मुंबईत १९७० च्या आसपास मद्रासकडून आलेल्यांसाठी वापरत, आणि वस्तीत आपल्यासाठीही. पोरानं वहीत ती जागा कोरी सोडली आहे.